दाराला न लागलेली नोटीस

आयुष्यात मी एकच कागद चोरला, आणि तो ज्याच्या हक्काचा होता तो माणूस साऱ्या वऱ्हाडात एकटाच असा होता की जो पूर्वसूचना दिल्याशिवाय झाडाची फांदीदेखील तोडत नसे. या दोन्ही गोष्टी एका वाक्यात लिहिण्याचे धैर्य गोळा करायला मला पुष्कळ वर्षे लागली. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दिवाणी कोर्टात बेलीफ होतो. समन्स आणि नोटिसा पिशवीत घालून गावोगाव हिंडायचे, ज्याच्या त्याच्या हाती द्यायच्या, घर बंद असेल तर दोन पंचांसमक्ष दाराला चिकटवायच्या आणि तसा अहवाल लिहून कोर्टात परत करायचा, एवढेच माझे काम. माझा आवाज जन्मापासून बारीक. आमचे वरिष्ठ कारकून, कोर्टाचे नाझर, म्हणत, ‘‘हा पुकारा करतो तेव्हा शेजारच्यालाही ऐकू जात नाही.’’ त्या बारीक आवाजाच्या आड मी बरेच काही लपवत आलो. एकदा मी माझे काम केले नाही, आणि केले म्हणून सहीनिशी लिहून दिले. तालुक्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. ते कोर्ट अजून जागच्या जागी आहे आणि दोष माझा आहे, कोर्टाचा नाही. पण आधी त्या माणसाविषयी सांगतो. त्यांची ओळख झाल्याशिवाय माझ्या अपराधाचे वजन कळायचे नाही.

दारव्ह्याकडे जाणाऱ्या वाटेवर, नाल्यापलीकडे त्यांचे गाव होते. सरकी आणि ढेपेचे, म्हणजे गुरांच्या पेंडीचे, त्यांचे लहानसे गोदाम. चार गावांची गुरे त्यांच्या ढेपेवर पोसली जात. अंगाने काटकुळे, डोक्यावर काळी टोपी, कोटाच्या वरच्या खिशात टोक केलेल्या तीन पेन्सिली. गावात त्यांना सारे ‘नोटीसवाले भाऊ’ म्हणत, आणि ते नाव त्यांनी इमानाने कमावलेले होते. गोदामाच्या टिनांवर कडुनिंबाची एक फांदी घासत असे. दुसऱ्या कोणी कुऱ्हाड उचलली असती. भाऊंनी बुंध्याला कागद लावला : ‘सदर फांदी आजपासून पंधरा दिवसांनी तोडण्यात येईल. कोणाची हरकत असल्यास कळवावे.’ गाव हसले. सोळाव्या दिवशी सकाळी भाऊ हातात कुऱ्हाड घेऊन झाडाखाली उभे राहिले आणि गंभीरपणे वर पाहून म्हणाले, ‘‘कोनाचं काही म्हननं हाय का?’’ तेवढ्यात फांदीवरून एक कावळीण ओरडत त्यांच्या टोपीवर झेपावली. वर घरटे होते. भाऊंनी टोपी उचलली, झटकली, पुन्हा डोक्यावर ठेवली आणि त्याच कागदावर पेन्सिलीने खाली लिहिले, ‘तहकूब’. पिले उडून जाईपर्यंत टिनांवर फांदी घासतच राहिली, आणि त्या आवाजाने झोप येत नाही अशी तक्रार त्यांची थोरली बहीण रोज करी, तर भाऊ म्हणत, ‘‘बाई, तुही हरकत पंधरा दिवसांच्या आत यायले पायजे होती.’’

ही बहीण बालविधवा होती. गाव तिला मोठ्या बाई म्हणे. भाऊंनी लग्न केले नव्हते. ठरलेले एक लग्न म्हणे याच पायी मोडले की मुलीच्या बापाने आपला होकार लेखी द्यावा असा त्यांनी आग्रह धरला. खरेखोटे ठाऊक नाही. घरात दोघेच, आणि तिसरी एक मांजर. या मांजरीवर एकदा दुधाचे भांडे रिकामे केल्याचा आरोप आला. मोठ्या बाईंनी लाटणे उचलले तेव्हा भाऊ मध्ये पडले. ‘‘ऐकून घेतल्याबिगर कोनाले दोष द्यायचा नाही, या घरात चालनार नाही ते.’’ मांजरीची सुनावणी झाली. तिला ओसरीवर बसवले, पुढे दुधाची वाटी ठेवली आणि भाऊ समोर मांडी घालून बसले. मांजरीने वाटीकडे ढुंकूनही पाहिले नाही. पाय पोटाशी घेऊन ती झोपून गेली. ‘‘पाह्य, बाई,’’ भाऊ म्हणाले, ‘‘जिले पेयाचंच असतं तिनं आता पेलं नसतं का? निर्दोष.’’ मोठ्या बाई म्हणाल्या, ‘‘पोट भरलं हाय तिचं म्हून झोपली ते. तुह्या कोर्टाले एवढंबी कळत नाही!’’ पण निकाल लागून गेला होता आणि या घरात अपील नव्हते.

एकोणीसशे छप्पन साली आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला, तेव्हा चावडीपुढे लोक पेढे वाटत होते आणि भाऊ एकटेच खिन्न होते. ‘‘मी इथंच बसलो हाय,’’ ते मला म्हणाले, ‘‘घर इथं, झाड इथं, अन् राज्य बदललं! मले नोटीस कोठी आली?’’ मी हसलो. बेलीफाच्या नोकरीत हसण्याचे प्रसंग थोडे, त्यांतले निम्मे भाऊंच्या दारात आले. पण त्यांच्या दारात जाणे मला जड जाई, हेही आज कबूल केले पाहिजे. दुसऱ्याच्या हाती नोटीस ठेवली की पाच मिनिटांत मी मोकळा. भाऊ मला बाजेवर बसवत, चष्मा पुसत, पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत मोठ्याने वाचत, दोन शब्दांचे अर्थ विचारत, मग मोठ्या बाईंना सांगून पिठले टाकायला लावत आणि जेवल्यावर, ‘नोटीस मिळाली, समजली व पटली’ असे स्वतःच्या हाताने लिहून देत. ‘पटली’ हा शब्द कोर्टाला नको असतो, असे मी सांगे. ‘‘कोर्टाले नको असंन, साहेब. मले पायजे.’’ एवढ्याला अर्धा दिवस जाई. माझ्या पिशवीत आणखी आठ नोटिसा असत.

गोदामाचा विमा उतरवायला एजंट आला तेव्हा भाऊंनी त्याला तीन दिवस ठेवून घेतले. पॉलिसी इंग्रजीत होती. भाऊंचे इंग्रजी चार यत्तांचे. ते शब्दकोश मांडीवर घेऊन कलम कलम लावत गेले, आणि एजंट, ज्याने तो कागद जन्मात वाचला नव्हता, घामाघूम होऊन ऐकत राहिला. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिले होते की वाद उद्भवल्यास तो कलकत्त्याच्या कोर्टातच चालेल. कंपनीची मोठी कचेरी तिथे होती. भाऊंनी बोट ठेवले. ‘‘आग इथं लागंन अन् न्याय कलकत्त्याले? हे काहून?’’ एजंट म्हणाला, ‘‘भाऊ, ते छापीलच आहे. सगळ्यांनाच असतं. आग कोणाला लागते?’’ भाऊंनी सही केली, पण त्या कलमाला हरकत घेणारे एक पत्र कंपनीला धाडले. उत्तर आले नाही.

आग पुढच्याच उन्हाळ्यात लागली. भर दुपारी, वारा सुटलेला असताना. विहिरीवरून गोदामापर्यंत माणसांची रांग लागली, घागरी पुढे सरकत होत्या, पण सरकी एकदा आतून पेटली की पाण्याला जुमानत नाही. तिसऱ्या दिवसापर्यंत ढिगातून धूर येत होता. कडुनिंबाची ती फांदीही जळाली. कंपनीचा माणूस आला, त्याने राखेत काठी फिरवली, नाकाशी चिमूट धरली आणि न बोलता निघून गेला. काही महिन्यांनी पत्र आले की सरकी ओली भरली होती, ओली सरकी आपोआप तापते, ही गोष्ट तुम्ही लपवली, सबब आम्ही जबाबदार नाही. भाऊ ते पत्र घेऊन आठवडाभर हिंडले. ‘‘ओली होती का कोरडी होती हे त्यायनं मले एकदा तरी विचारलं का?’’ एवढाच त्यांचा प्रश्न. गोदाम गेले याचे दुःख त्या प्रश्नाच्या मागे कुठेतरी उभे होते.

कंपनीने मग कलकत्त्याच्या कोर्टात दावा लावला की ही पॉलिसीच रद्द ठरवावी. त्या दाव्याची नोटीस रीतीप्रमाणे आमच्या कोर्टाकडे बजावणीसाठी आली आणि नाझरांनी माझ्या पिशवीत टाकली. त्या दिवशी बाजार होता. आमच्या धंद्यात एक रीत होती, जी कोणत्याही कायद्यात लिहिलेली नव्हती. बाजारच्या दिवशी साऱ्या गावांची माणसे तालुक्याला आलेली असतात. त्यांना तिथेच गाठून नोटिसा वाटायच्या म्हणजे चालणे वाचते. मी चहाच्या दुकानात बसलो होतो. भाऊंच्या गावचे दोघे समोर आले. मी विचारले, भाऊ आले आहेत का? ते म्हणाले, भाऊ यवतमाळला गेले आहेत आणि मोठ्या बाई कापूस वेचायला. घराला कडी आहे. मी पिशवीतून अहवालाचा कागद काढला. ‘घर बंद आढळले’ असे लिहिले. ते खरे होते. त्याखाली लिहिले, ‘सबब नोटीस पंचांसमक्ष दाराला चिकटवली’. पंच म्हणून त्या दोघांच्या सह्या घेतल्या. त्यांना चहा पाजला. उद्या सकाळी जाऊन खरोखरच चिकटवू, असे मी स्वतःला सांगितले, आणि त्या सांगण्यावर माझा विश्वासही होता. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दिशेची बजावणी निघाली. तिसऱ्या दिवशी ताप आला. नोटीस पिशवीच्या तळाशी सरकली. महिन्याभराने ती हाताला लागली तेव्हा अहवाल केव्हाच कलकत्त्याला पोहोचला होता. मी ती घरी नेली आणि पेटीत धोतराच्या घडीखाली ठेवली. जाळली मात्र नाही. कोर्टाचा कागद नष्ट करायला माझा हात धजला नाही; माझ्या प्रामाणिकपणाची तेवढीच एक विचित्र चिंधी उरली होती.

कलकत्त्याचा निकाल एकतर्फी लागला. नोटीस बजावूनही प्रतिवादी हजर राहिला नाही, पॉलिसी रद्द. भाऊंना तो निकाल कळला तो कंपनीच्या पत्रातून. मी समजत होतो की ते धावत कोर्टात येतील, ओरडतील, अहवाल खोटा आहे म्हणतील. मी त्या दिवसाची वाट पाहत होतो. खरे तर तो दिवस आला असता तर मी सुटलो असतो. पण भाऊंनी अहवालाची नक्कल काढली, माझी सही पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. ‘‘बेलीफसाहेबानं सही करून लिहिलं हाय,’’ ते वकिलाला म्हणाले, ‘‘म्हंजे लावलीच असंन. मंग गेली कोठी?’’ माझ्या सहीवर त्यांनी संशय घेतला नाही. ज्या माणसाने मांजरीलाही शंकेचा फायदा दिला, त्याने तो मलाही दिला, आणि आपण तो देत आहोत हे त्यांच्या ध्यानीही आले नाही.

त्यांनी स्वतःच्या अंगणात सुनावणी लावली. मला रीतसर चिठ्ठी आली : येत्या रविवारी सकाळी साक्षीसाठी यावे. मी गेलो. दोन पंचांपैकी एक जण बाहेरगावी होता, दुसरा आला होता. भाऊंनी त्याला विचारले, ‘‘ही सही तुहीच का?’’

‘‘माहीच हाय, भाऊ.’’

‘‘दाराले कागद लावतानी तू पाह्यलं?’’

तो डोके खाजवत म्हणाला, ‘‘साहेबानं लिहिलं हाय ना? मंग लावलाच असंन. साहेब कायले खोटं लिहिनार?’’

मग भाऊ माझ्याकडे वळले. ‘‘साहेब, तुमी लावली ना?’’

माझ्या डोळ्यांपुढे नोकरी आली, घर आले. मी म्हणालो, ‘‘हो.’’ त्यांनी विचारले, ‘‘कोन्त्या फळीले? डाव्या का उजव्या?’’ मी म्हणालो, ‘‘उजव्या.’’ त्या एका शब्दासाठी मला अजून जाग येते. भाऊ उठले आणि दाराच्या उजव्या फळीला डोळे लावून उभे राहिले. कोणत्या तरी सणाला लावलेल्या चित्राची खळ तिथे वाळून राहिली होती. ‘‘हे पाहा,’’ ते म्हणाले, ‘‘निशानी हाय.’’ त्यांच्या आवाजात समाधान होते. कागदाने त्यांना फसवले नव्हते.

शेवटी मोठ्या बाई पुढे आल्या. त्यांना त्या काळीच थोडे कमी ऐकू येत असे, म्हणून भाऊंनी प्रश्न दोनदा विचारला. त्या काही वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘‘वाऱ्यानं खाली पडला असंन तं म्या उचलला असंन, भाऊ. कागद सापडला की चुलीतच घालतो मी. त्याच्यावर काय लिहिलं हाय ते मले कसं समजंन? जाळलाही असंन.’’

‘‘जाळल्याचं याद हाय का?’’

‘‘याद नाही. पन जाळला नाही असंबी मले म्हनता येत नाही.’’

भाऊ टोपी काढून मांडीवर ठेवून म्हणाले, ‘‘पुरावा नाही. निर्दोष.’’ तो निकाल त्यांनी मनापासून दिला होता. त्या घरात अपील नव्हते, पण मोठ्या बाईंनी तो निकाल कधी मानला नाही. भावाचे सारे आयुष्य आपण एका सकाळी चूल पेटवताना जाळले, अशी त्यांची खात्री झाली. त्या दिवसापासून चुलीत त्यांनी कागद घातला नाही. पऱ्हाटी, तुराट्या, गोवऱ्या, कागद नाही. वाटेवर सापडलेला प्रत्येक चिटोरा त्या उचलून आणीत : विडीच्या बंडलाचे वेष्टण, मोटारीचे तिकीट, कोणाच्या तरी पोराच्या दप्तरातून गळलेला पाढ्यांचा कागद. ‘‘भाऊ, पाह्य बरं, कामाचा हाय का?’’ भाऊ प्रत्येक कागद वाचून दाखवीत, अगदी विडीवाल्याचा पत्तासुद्धा, आणि मग म्हणत, ‘‘नाही, बाई. याच्यात आपलं नाव नाही.’’ गाव याला हसे. मीही हसण्यात सामील झालो आहे. दाराच्या उजव्या फळीवर भाऊंनी एक लाकडी पाटी ठोकली. तिच्यावर रंगाने लिहिले होते : ‘नोटीस येथे लावावी. लावल्यावर शेजारी सांगावे.’ त्या दारात पुढे नोटीस घेऊन जाणे मी टाळत आलो; काही ना काही सबब सांगून दुसऱ्या बेलीफाला पाठवत असे.

भाऊंनी यवतमाळच्या कोर्टात कंपनीवर दावा केला. कंपनीने कलकत्त्याचा निकाल पुढे ठेवला आणि कोर्टाने म्हटले, एकदा निर्णय झालेल्या गोष्टीत आम्हाला हात घालता येत नाही. भाऊ नागपूरला हायकोर्टात गेले. मधल्या काळात राज्य पुन्हा बदलून महाराष्ट्र झाले. यावेळी भाऊंनी तक्रार केली नाही. त्यांचे केस पिकले होते, गोदामाच्या जागी तुरीच्या दोन ओळी पेरल्या जात होत्या. मोटारीने नागपूरला जाताना मोठ्या बाई त्यांना दशम्या बांधून देत आणि फडक्याच्या आत कागद लावत नसत. कागदाला तेल लागले तर अक्षरे पुसतील म्हणून.

निकाल भाऊंच्या बाजूने लागला. न्यायमूर्तींनी लिहिले होते की गोदाम इथले, विमा इथे उतरवलेला, आग इथे लागली, कलकत्त्याच्या दाव्यातला प्रतिवादीही इथला. तेव्हा कलकत्त्याच्या कोर्टाला हा दावा ऐकण्याचा अधिकारच नव्हता, आणि जो अधिकार कायद्याने दिलेला नाही तो दोन पक्षांच्या छापील कलमाने मिळत नाही. अधिकार नसलेल्या कोर्टाचा निकाल यवतमाळच्या कोर्टाची वाट अडवू शकत नाही. त्या कोर्टाने वादीचे म्हणणे ऐकून नव्याने निर्णय करावा. एक वाक्य असेही होते की प्रत्येकाला आपली बाजू मांडण्याची संधी मिळणे हा न्यायाचा पाया आहे. गावच्या मास्तरांनी ते मराठी करून सांगितले तेव्हा भाऊ प्रसन्नपणे म्हणाले, ‘‘हे तं मी मांजरीच्या वेळेसच म्हनलं होतं.’’

पण दुसऱ्या दिवशी ते तालुक्याला माझ्या घरी आले. पहिल्यांदाच. पाणी प्याले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि निकालाची नक्कल उघडून एका ओळीवर बोट ठेवले. तिथे पेन्सिलीची खूण केलेली होती. मला इंग्रजी जेमतेम येते, तरी त्या ओळीचा अर्थ कळला. दावा अधिकाराच्या मुद्द्यावरच निकालात निघत असल्यामुळे नोटीस बजावली गेली होती किंवा नाही, या प्रश्नात शिरण्याचे कारण उरत नाही.

‘‘त्यायनं ते सोडून देल्लं, साहेब,’’ भाऊ म्हणाले. ‘‘मी जिंकलो. पन बाईचं राहून गेलं. मले वाटलं होतं, एवढे मोठे न्यायमूर्ती, ते सांगतीन का कागद लागला होता का नाही, अन् लागला असंन तं कोठी गेला. ते म्हनतात, कारन उरत नाही. माह्या घरात तं तेवढंच कारन उरलं हाय.’’

माझ्या पाठीमागे दोन हातांवर ती पेटी होती. भाऊ माझ्याकडे पाहत होते. त्या नजरेत संशय असता तर मला बोलता आले असते. मी म्हणालो, ‘‘चहा घ्या, भाऊ.’’ त्यांनी घेतला. जाताना म्हणाले, ‘‘आता यवतमाळले तारीख लागंन. नोटीस तुमीच घेऊन येजा. बाईले बरं वाटंन.’’

तारीख लागली, नोटीस आली, आणि यावेळी मी ती दुसऱ्याकडे दिली नाही. मी गेलो तेव्हा भाऊ बाजेवर पडलेले होते. छातीत कळ येत असे. तरी त्यांनी उठून बसून दोन्ही हातांनी कागद घेतला, पहिल्या ओळीपासून शिक्क्यापर्यंत वाचला, आणि पेन्सिलीने खाली लिहिले, ‘मिळाली, समजली व पटली’. त्या शेवटच्या शब्दाबद्दल मी काही बोललो नाही. मोठ्या बाईंनी पिठले टाकले होते. मी अर्धा दिवस बसलो. सांगायचे म्हणूनच बसलो होतो, आणि न सांगता उठलो. सुनावणीच्या तारखेला नऊ दिवस असताना भाऊ गेले. कोर्टात पुकारा झाला तेव्हा वकिलाने ते वारल्याचे सांगितले. त्यांचे म्हणणे, ज्यासाठी इतकी वर्षे गेली, ते कोणी ऐकले नाही.

पुढे एका सकाळी मी धोतराच्या घडीखालून तो कागद काढला आणि नाल्यापलीकडे चालत गेलो. पाटी दारावर तशीच होती. रंग उडाला होता. मोठ्या बाई चुलीपुढे होत्या. मला पाहून त्यांना खरोखर आनंद झाला. ‘‘बरं झालं आलात, साहेब,’’ त्या म्हणाल्या आणि आतून एक टोपली घेऊन आल्या. टोपलीत कागद होते, गच्च भरलेले. ‘‘भाऊ गेल्यापासून वाचून देनारं कोनी नाही. कामाचा हाय का ते पाहा बरं.’’ मी बसलो आणि एकेक कागद हातात घेऊन वाचत गेलो. हे साबणाचे वेष्टण. हे पंचांगाचे पान. ही कोणाच्या तरी लग्नाची पत्रिका. ही औषधाची चिठ्ठी. प्रत्येक वेळी त्या मान पुढे करून विचारत, ‘‘आपलं नाव नाही ना?’’ आणि मी मान हलवून ‘नाही’ म्हणे. टोपली रिकामी झाली तेव्हा मी खिशातला कागद काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला.

‘‘याच्यावर आहे,’’ मी म्हणालो. ‘‘भाऊंचं नाव. कलकत्त्याचा कागद.’’

‘‘जोरानं बोला, साहेब. मले ऐकू येत नाही.’’

मी पुन्हा सांगितले. त्यांचा हात कागदाकडे गेला आणि जळत्या वस्तूवरून मागे यावा तसा मागे आला. ‘‘मंग हा जळला नव्हता?’’

‘‘नाही.’’

‘‘होता कोठी इतकी वर्षं?’’

‘‘माझ्याजवळ.’’

चुलीतल्या पऱ्हाटीने फट् आवाज केला. त्या पुष्कळ वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. वाचता येत नसताना माणूस अक्षरांकडे जितके लक्ष देऊ शकतो तितके लक्ष देऊन. मग पदराने डोळे पुसून सरळ बसल्या. ‘‘भाऊ असता तं आधी तुमचं ऐकून घेतलं असतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘ऐकल्याबिगर त्यानं कोनाले दोष देल्ला नाही. बोला, साहेब. तुमचं म्हननं काय हाय?’’

मी माझ्या बारीक आवाजात सुरुवात केली. त्यांनी कानामागे हात धरला आणि मान हलवली. मी पुन्हा बोललो. त्यांनी पुन्हा मान हलवली. दारात शेजारची माणसे जमू लागली होती. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मी पुकारा केला, रस्त्यापलीकडे जाईल एवढ्या आवाजात :

‘‘माहं काही म्हननं नाही, बाई! हा कागद मी तुमच्या दाराले लावलाच नव्हता. त्या दिवशी मी तुमच्या गावाले आलोच नव्हतो. तुमी काही जाळलं नाही. या अंगनात मी भाऊसमोर खोटं बोललो, अन् तुमी ते इतकी वर्षं अंगावर घेतलं. भाऊची माफी मागाची राहून गेली. तुमची मागतो. मले माफ करा, बाई.’’